वीतभर

लियाकत मिस्त्रीच्या शेडपुढे दोन बोटी,
उजनीच्या पाण्यापासून शंभर पावलं लांब, विटांवर टेकवलेल्या.
दोन्ही पाँटून, दोन्ही वीस फुटी.
दोन्हींना तोच निळा, जो सोलापुरात टँकरला देतात.
एकीच्या पोटाखाली दोन नळकांडी, दुसरीच्या तीन.
बाकी जुळ्या बहिणी, मिस्त्री म्हणाला,
मांडवात उभ्या केल्या तर नवराही चुकेल.

आम्ही नऊजण.
टॉवेलचे सहा माग दोघा भावांत,
आणि रविवारी कुठं जायचं यावर वर्षानुवर्षं वाद.
कंबर तलावाच्या फेऱ्यांना पोरं विटली
तेव्हा नवनाथ म्हणाला, आपलीच घेऊ की एखादी.

त्यानं टेप लावली. कठडा दोन्हींचा तेहेतीस इंच.
शर्विलची हनुवटी दोन्हींवर सारखीच टेकली.
उज्ज्वलावहिनी एका बाकावर बसल्या:
रेक्झिन तापतंय ओ.
दुसऱ्या बाकावर बसल्या. तेही तापलेलं.
हिला ताडपत्री, तिला पत्रा.
पत्र्यावर ऊन वाजतं, ताडपत्री वाऱ्यानं वाजते.
डब्यांना, शेंगाचटणीच्या बरणीला, चटईला
जागा इथंही तेवढीच, तिथंही तेवढीच.
फरक पंचेचाळीस हजारांचा.
बायको कानाशी म्हणाली, दोनवालीच घ्या,
उरलेल्यात इंजिन तरी बरं येईल.
मी इसाराची पाकिटं चाचपली.

आई गाडीतच बसलेली, दार उघडं, पाय बाहेर.
तिथूनच विचारलं,
"कुठली किती बुडती?"

आम्हाला वाटलं, भ्याली.
मिस्त्री हसला, बुडत न्हाई आजी, तरंगती.
"तरंगणारं बी थोडं बुडतंच की.
किती, ते सांग."

दोनवाली दोन विती, तीनवाली एक.
आईनं पंजा ताणला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत,
आणि मांडीवर ठेवून त्याच्याकडं बघत राहिली.

मे महिन्यात धरण उतरतं.
आधी चिंचेचा बुंधा वर येतो, मग शाळेचा कट्टा.
तिच्या माहेरची मागली पडवी मात्र
येता येता राहते, दीड वीत पाण्याखाली.
चालत जावं तर गाळ कमरेइतका.
हे तिला भिवा मल्लावनं सांगितलेलं, चिलापी तोलता तोलता.
आम्हाला तिनं कधीच नाही.

गाव उठलं तेव्हा ती अकरा वर्षांची.
ट्रक भरला होता.
वरवंटा तिच्या हातात होता म्हणून आला,
पाटा राहिला.
सासरी आली तीही तोच घेऊन.
आमच्या घरात त्यानंतर तीन पाटे झाले.
एकावरही तो नीट बसला नाही,
मधे फट राहायची, चटणीत लसूण आख्खा लागायचा.
नवा वरवंटा घे की, मी म्हणायचो.
हा चांगला हाय, ती म्हणायची.
पाटाच धड मिळंना.

मी तीनवालीकडं बोट केलं.
नवनाथ काही बोलला नाही.
टेप सोडली, ती सर्रकन आत गेली.

पैसे मोजताना मिस्त्री म्हणाला, एक ध्यानात ठेवा,
वीतभर म्हणजे रिकामी.
नऊजण चढला की हीपण दोन विती जाणार.
मग काय, दोन्ही सारख्याच.

टेंभुर्णीला चहा घेतला.
पोरांनी सगळ्यांची वजनं विचारली,
काकांची खोटी म्हणून परत विचारली.
वहिनींनी सांगितलंच नाही.
आई बशीत चहा ओतत होती. म्हणाली,
"त्या दिवशी तुम्ही काठावर जेवा.
इंजिन नको, भिवा बांबूनं ढकलंल. मी बसंन.
पाटा उचलाय एकजण लागंल."
बशी संपवली.
"हलकं कोण हाय तुमच्यात?"

नवनाथनं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं,
दोघांच्या पोटांकडं दोघांनी.

शर्विलच्या मोबाईलवर बेरीज अर्धी झालेली.
"आजी," तो म्हणाला, बोट अधिकच्या खुणेवर,
"येताना पाट्याचे किती किलो धरू?"